बेस हाय, चढव

बाईंनी कुणाची खरडपट्टी काढली की माझ्या पोटात दुखायचं. इतरांच्या पोटात बोलणी बसली की दुखतं, माझ्या पोटात बसली नाहीत म्हणून दुखायचं. पद्माला तर त्या एकेका चित्रावरून अर्धा अर्धा तास धारेवर धरायच्या. नाक असं काऊन, खांदा कुठी गेला, हे डोये कोणाचे उसने आणले. पद्मा मान खाली घालून हसत हसत ऐकायची आणि मी बाजूला बसून चहा गार करायची. मग माझी पाळी यायची. बाई संगणकाच्या पडद्याकडे एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "बेस हाय. चढव."

बेस म्हणजे उत्तम. आमच्या आदिलाबादकडच्या मराठीत भाजी बेस असते, जावई बेस असतो, कापसाचा भाव कधी नव्हे तो बेस असतो. माणसाला यापेक्षा आणखी काय हवं? पण बाईंच्या तोंडचा 'बेस' मी ओळखून होते. तो कौतुक करायला येत नसे, मला दारापर्यंत पोचवायला यायचा.

बाई माझ्या घरमालकीण. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढे त्यांचा एसटीडी बूथ, मधे त्या आणि मागे माझी भाड्याची खोली. मी मराठी शाळेत नवीन लागलेली, बाजारहत्नूरकडच्या खेड्यातून आलेली. राहायला आले त्या दिवशीच बाईंनी माझं 'मास्तरीनबाई' करून टाकलं आणि पुढे कधी त्यात काही कमी केलं नाही. पद्माची मात्र आठवड्याभरात 'पद्दी' झाली. नाव बिघडवायलाही माया लागते. माझं नाव शाबूत राहिलं.

बाईंनी सारी उमर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. रिटायर झाल्यावर बूथ घेतला, पण एक्स्चेंज अंगातून गेलं नाही. दार वाजलं की 'कोण हाय' असं विचारायच्या नाहीत, आतूनच ओरडायच्या, "कोण बोलून राह्यलं?" आलेल्या माणसाला बसवून चहा ठेवायला जाताना "लाईनवर राहा" म्हणायच्या. कुणाचा राग आला तर भांडायच्या नाहीत, वाक्याच्या मधेच तोंड फिरवायच्या. समोरचा बोलतोय आणि बाई गल्लीतल्या शेळीकडे बघताहेत. कनेक्शन कट.

बूथच्या काचेबाहेर त्यांची खुर्ची. आतलं बोलणं ऐकू येत नाही असा त्यांचा दावा होता आणि तो साफ खोटा होता. कुणी आत रडायला लागलं की बाई रेडिओ मोठा करायच्या, म्हणजे बाहेर रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये. आणि एखाद्या पठ्ठ्यानं आईला फोन करून नुसतं जमिनीचं, फेरफाराचं बोलून रिसीव्हर ठेवायला घेतला, की काचेवर टकटक करायच्या. "अबे, जेवली का इचार ना तिले!" तो बिचारा पुन्हा कानाला लावून विचारायचा.

या झाल्या एक बाई. दुसऱ्या बाई हिरोच्या होत्या.

तो हिरो तेलुगू सिनेमातला. नाव सांगत नाही; आमच्या भागातल्या लोकांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. ऐंशीच्या दशकात तो नवा होता, बाई एक्स्चेंजमध्ये सकाळपाळीला होत्या आणि नवरा जंगलखात्यात, कधी उटनूर तर कधी त्याच्याही आत. सकाळपाळी सुटली की ऑपरेटर बायका डबे घेऊन थेट दुपारच्या खेळाला जायच्या. बाकीच्यांची लग्नं झाली, बदल्या झाल्या, पोरं झाली. बाई जात राहिल्या. त्याचा एकही सिनेमा त्यांनी सोडला नव्हता आणि ज्यात तो शेवटी मरतो असा एकही पुरा पाहिला नव्हता. लक्षण दिसलं की उठून बाहेर यायच्या. त्यामुळे बाईंनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत तो जिवंत होता आणि बहुतेकांत त्याचं लग्नही झालं होतं.

त्यांच्या प्रेमात मात्र एक विचित्रपणा होता. हिरोचे फोटो त्यांना चालत नसत. घरात एक कॅलेंडर नाही, मासिकातलं एक पान नाही. मी एकदा हौसेनं रंगीत कात्रण नेऊन दिलं तर त्यांनी ते कडू औषधासारखं लांब धरलं. "फोटोत त्याचं तोंड सुजल्यावाणी दिसते. मांडून नोको ठेवू, मले कसंतरी होते." टीव्हीवर त्याचं गाणं लागलं तर समोरची खुर्ची सोडून डाव्या भिंतीला टेकून खाली बसायच्या आणि तिरप्या बघायच्या. मला वाटायचं, मान आखडली असेल. एक्स्चेंजमध्ये कानाला चोंगे लावून लावून होतं असं.

माझं हिरोप्रेम वेगळ्या जातीचं होतं. आमचे बाबाही मास्तर. मास्तरच्या पोरी थिएटरात दिसल्या तर लोक काय म्हणतील, या एका वाक्यावर आमचं बालपण गेलं. मी त्याला पाहिला तो मासिकांत, न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर, वहीच्या कव्हरवर. आणि पाहून पाहून काढला. पेन्सिलीनं चौकोन आखायचे, फोटोतला एकेक चौकोन कागदावरच्या चौकोनात उतरवायचा. अकरावीत असताना मी काढलेला हिरो पाहून बाबांनीही क्षणभर चष्मा काढला होता, मग फाडला. चित्र, चष्मा नव्हे.

तर शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. बाईंच्या हैदराबादच्या भाच्यानं नवा संगणक घेतला आणि जुना बाईंच्या बूथमध्ये आणून ठेवला. सोबत इंटरनेटही जोडून दिलं. गावात तेव्हा इंटरनेट ही ऐकायची गोष्ट होती, पाहायची नव्हती. बूथच्या दोनपैकी एका फोनची तार मोडेमच्या डब्याला लावली की तो आधी किंचाळायचा, मग घशात गुळण्या केल्यासारखं करायचा. आम्ही कानांवर हात ठेवायचो, पण बाई डोळे मिटून ऐकायच्या. "थांबा, पल्याड उचलून राह्यलं," म्हणायच्या, आणि खरंच लागायचा. नाही लागणार असला तर तेही आधीच सांगायच्या.

जायच्या आधी भाच्यानं एक पान दाखवलं. परदेशातल्या तेलुगू मंडळींनी हिरोच्या चाहत्यांसाठी केलेलं. तिथे लोक संगणकावर त्याची चित्रं काढून चढवायचे आणि खाली इतरांनी लिहायचं, काय जमलं, काय नाही. चित्र वरून खाली उतरायचं. आधी केस, मग बराच वेळ नुसतं कपाळ, मग भुवया. नाकापर्यंत येईस्तोवर एखादं गिऱ्हाईक फोन करून जायचं.

बाई म्हणाल्या, "आपूनही काढू."

आपण म्हणजे मी. बाईंच्या हातात माऊस दिला की पडद्यावर नुसती गांडुळं व्हायची. मी मात्र शाळा सुटल्यावर बसायला लागले. चित्र काढायच्या त्या साध्या प्रोग्रॅममध्ये, ठिपका ठिपका मोठा करून, बाजूला फोटो ठेवून. एक डोळा काढायला एक संध्याकाळ जायची. चित्र झालं की फ्लॉपीत ठेवायचं आणि चढवायच्या आधी बाईंना दाखवायचं. हा नियम त्यांचाच. "माह्या लाईनवरून जाते थे मी पाह्यन."

पहिलं चित्र झालं तशी मी बाईंना हाक मारली. बाईंनी पाहिलं. "बेस हाय. चढव."

मी आनंदानं चढवलं. खाली परदेशातून उत्तरं आली: सूपर, फोटोच वाटतो, बोटांची पापी घ्यावीशी वाटते. हे शेवटचं मी बाईंना वाचून दाखवलं नाही. दुसरं चित्र, बेस. तिसरं, बेस. मी स्वतःला गावातली मोठी कलाकार समजायला लागले होते. तेवढ्यात पद्मा आली.

पद्मा मंचेरियलची. वडील कोळशाच्या खाणीत. ती आदिलाबादला सरकारी खजिन्यात कारकून म्हणून आली होती आणि गावी फोन करायला बूथवर यायची. मी संगणकावर हिरोची मिशी कोरत होते, ती काचेतून पाहत उभी राहिली. मग आत येऊन तेलुगू-मराठीची मोळी बांधून म्हणाली, "अक्का, मी बसू? मला पण येतंय तो."

तिला फोटो लागत नव्हता. ती डोळे मिटून थोडा वेळ बसायची, मग एकदम माऊस धरायची. आणि काय काढायची! चेहरा दुधीभोपळ्यासारखा लांबुळका. एक खांदा बैलाएवढा, दुसरा पोराएवढा. हनुवटी अंगावर आलेली, कपाळ मागे पळालेलं. मला हसू दाबता येईना. बाईंना हाक मारली, म्हटलं, जरा करमणूक होईल त्यांची.

बाई आल्या, पाहिलं. मग बाहेर जाऊन बूथचं शटर अर्धं ओढलं. स्टूल ओढून पद्माशेजारी बसल्या, माझ्याकडे पाठ करून.

"जबडा बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पण डोया काऊन इतका थंडा? आन् हा हात. याच्या हातात काई हाय का नाई? नसन तर मूठ काऊन केली? आन् मान पाह्य, मान. अजून वाकली पायजे. तुह्या हिरोले कोनाची वाट पाहा नाई लागत काय?"

पद्माला मराठी निम्मं कळत होतं, पण ती पुरी ऐकत होती. "अम्मा, मान कसं?" तिनं विचारलं. बाई उठल्या आणि भर बूथमध्ये हिरोसारख्या उभ्या राहिल्या. साठीची बाई, नऊवारी, मनगटावर नवऱ्याचं घड्याळ, एक खांदा वर. बाहेर रांगेत उभा असलेला शेंगदाण्याचा अडत्या फोन विसरला.

चित्र चढवायचं नाही असं ठरलं. "नाई झालं अजून."

त्या दिवसापासून माझ्या मागे लागलं ते दुखणं. माझी चित्रं पंधरवड्याला एक चढत होती, परदेशात वाहवा होत होती. पद्माचं एकच चित्र महिनोन् महिने बाईंच्या हाताखाली पडून होतं, पुन्हा पुन्हा मोडत होतं. माझ्या खात्यात ढीगभर सूपर, तिच्या खात्यात नुसत्या चुका. आणि मला त्या चुका हव्या होत्या. मला वाटायचं, बाईंनी एकदा, फक्त एकदा, शटर ओढावं आणि म्हणावं, "मास्तरीनबाई, हे काय केलं?"

पद्मानं एकदा भाबडेपणानं मला विचारलं, "अक्का, अम्मा तुम्हाला बेस म्हणते. बेस म्हणजे बागुंदी, ना?" तेलुगूत छान आहे याला बागुंदी म्हणतात. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मला कधी बागुंदी नाही म्हणत," आणि खरंच खंतावली. मला तिच्या डोक्यात फ्लॉपी घालावीशी वाटली.

शेवटी मी ठरवलं, चूक हवी ना, चूक देऊ. पुढच्या चित्रात हिरो हात उंचावून उभा होता. फोटोतल्यासारखा, केसाचाही फरक नाही. फक्त उंचावलेल्या हाताला मी सहा बोटं काढली. चांगली ठळक, नखांसकट. बाईंना बोलावलं आणि बाजूला उभी राहिले.

बाईंनी पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. "बेस हाय. चढव."

चढवलं. परदेशातून उत्तरं आली: सूपर, हात काय सुंदर काढलाय. एकालाही मोजता आलं नाही. तिसऱ्या दिवशी पद्मा माझ्या कानाशी आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "अक्का, बोट एक जास्ती झालंय. चालतंय, कामाच्या गडबडीत होतंय तसं." अंगाचा तिळपापड झाला. चूक निघाली ती तिच्याकडून, आणि वर सांभाळूनही घेतलं.

पावसाळा सरला, रस्त्याकडेला नवी ज्वारी वाळायला पडली आणि एक दिवस पद्माचं चित्र बाईंनी बराच वेळ न्याहाळलं. बेस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "आता जाऊ दे त्याले."

चढवलं. दोन दिवस खाली कुणी काही लिहिलं नाही. मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या एकानं लिहिलं, भलंमोठं. बाई म्हणाल्या, "वाच, मास्तरीनबाई. तुहं इंग्रजी बेस हाय." तिथेही बेसच.

मी वाचलं, मराठीत सांगत सांगत. गृहस्थ सभ्य होते. रंग काळजात उतरतात, डोळ्यांत जीव आहे, असं चित्र या पानावर आलं नव्हतं. हा भाग मी जरा घाईत वाचला. मग सावकाश वाचलं: चेहरा प्रमाणापेक्षा फार लांब झाला आहे. दोन खांद्यांत ताळमेळ नाही. चौकोन आखून, मापं घेऊन काढलं तर दोष सहज जाईल. या बाबतीत याच गावातून येणारी दुसरी चित्रकार पाहावी, तिची मापं अचूक असतात.

दुसरी चित्रकार म्हणजे मी! ते वाक्य मी दोनदा वाचलं. पद्माचा चेहरा उतरला आणि मी सहानुभूतीचा चेहरा करायचा प्रयत्न केला, पण तो माझ्याच्यानं नीट जमला नसावा.

बाई स्टूलवरून पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "हा मानूस बसे कुठी?"

"कोण?"

"हा अमेरिकावाला. थेटरात कुठी बसे? इचार त्याले."

मी लाजत लाजत इंग्रजीत विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हैदराबादला, बाल्कनीत, मधोमध, आणि प्रश्न गमतीदार आहे.

"मंग त्याले काय दिसन!" बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. अमेरिकेचं कनेक्शन कट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदिलाबादच्या जुन्या टॉकीजमध्ये, बाई सांगायच्या तसं, बायकांसाठी वेगळी जागा होती. पडद्याच्या अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात, आडव्या भिंतीच्या आडोशाला लाकडी बाक. पुरुषांची नजर पडू नये म्हणून केलेली सोय. तिथून पडदा दिसायचा तो खालून आणि तिरपा. जवळचा खांदा बैलाएवढा, लांबचा पोराएवढा, चेहरा दुधीभोपळा. बाईंनी सारी उमर हिरोला त्या कोपऱ्यातून पाहिला होता. पद्मानं मंचेरियलला आईच्या मांडीवर बसून तसल्याच बाकावरून. म्हणून फोटोत त्याचं तोंड सुजलेलं दिसायचं. म्हणून टीव्ही भिंतीला टेकून. मान बिन काही आखडलेली नव्हती.

म्हणजे जगात बरोबर मीच होते! मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आता फक्त बाईंना दाखवून द्यायचं उरलं होतं. बाल्कनीत बायकांना बसायला एव्हाना कुणाची हरकत नव्हती, फक्त बाई कधी वर गेल्या नव्हत्या. हिरोचा नवा सिनेमा लागला तशी मी दुपारच्या खेळाची बाल्कनीची तिकिटं काढली. मधोमध. पद्मालाही घेतलं; तिच्याशिवाय माझ्या विजयात राम नव्हता.

बाई गादीच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. हिरो आला. खाली शिट्ट्या, कागदाचे कपटे, आरडाओरडा. मी पडद्याकडे पाहतच नव्हते, बाईंकडे पाहत होते.

बाई पुढे झुकल्या. डोळे बारीक केले. मग शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतात तसं मला विचारलं, "हा कोन होय?"

"अहो, तोच. असाच आहे तो."

"हा?" त्यांनी पुन्हा पाहिलं. "थो नोहे हा. असा सपाट कसा असन थो?" आवाजात राग नव्हता. घाबरल्या होत्या. मला वाटलं होतं त्या खजील होतील, फार तर हसतील. त्यांनी पायांनी चपला चाचपडल्या, पदर सावरला आणि उठल्या. "मी खाली जातो. तुमी पाहा."

पद्मा लगेच उठली. अंधारात तिनं बाईंचा हात धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या. मी उठले नाही. तिकिटं मी काढली होती.

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा वरून वाकून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात बाकावर दोघीच. दोघींच्या माना एकाच बाजूला कललेल्या, पदरात एकाच पुड्यातले शेंगदाणे. बाई हात नाचवत काहीतरी सांगत होत्या आणि पद्मा तोंडावर हात ठेवून हसत होती. शेवटी शेवटी हिरोला गोळी लागायची लक्षणं दिसली आणि कोपऱ्यातल्या दोन्ही सावल्या उठून बाहेर गेल्या. त्याला मरताना मी एकटीनं पाहिलं, बाल्कनीतून, सरळ समोरून. मोजूनमापून मेला.

घरी आल्यावर मी बाईंना सोडलं नाही. सरळ विचारलं, "बाई, पद्माचं तुम्ही एवढं काढता. माझी एक तरी चूक काढा ना!"

"तुही चूक नसते," त्या म्हणाल्या.

"सहा बोटं काढली होती मी! सहा! तुम्ही बघतच नाही माझ्याकडे."

"पाह्यली व्हती." बाई शांतपणे म्हणाल्या. "थे काई चुकनं नोहे, मास्तरीनबाई. थे तू मले आवाज देऊन राह्यली व्हती. आन् चित्र तं थ्या फोटोवाल्याचं व्हतं. त्याचं मी तुले काऊन बोलू?"

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. बाईंनी सवयीनं रेडिओ मोठा केला.

संक्रांत झाली आणि पद्माची मंचेरियलला बदली झाली, घरच्या गावी. सगळ्यांनी तिला आनंदानं निरोप दिला. त्यात माझा आनंद सर्वांत जास्त होता. बाईंनी तिची ओटी भरली आणि बस वळेपर्यंत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता स्टूल माझं.

स्टूल कुणाचंच झालं नाही. बाईंनी त्यावर टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या रचून ठेवल्या.

मग मी एक केलं, आणि ते कुणाला सांगितलं नाही. रविवारी दुपारी एकटीच टॉकीजमध्ये गेले आणि खाली, डाव्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले. पहिल्या खेपेला नुसती मान दुखली. दुधीभोपळा बघून हसू आलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. मी तरी जात राहिले. पद्माला जे दिसतं ते मला का दिसू नये, एवढंच डोक्यात होतं.

मग एका रविवारी त्याच सिनेमातला एक साधा प्रसंग चालू होता. हिरो दारात उभा, त्याला घरातून काढलंय, तो जायच्या आधी एकदा वळून बाजूला पाहतो. बाल्कनीतून पाहिला तेव्हा तो कुठेतरी भिंतीकडे पाहत होता. बाकावरून पाहिला तर तो थेट आमच्याकडे पाहत होता. एवढं मोठं थिएटर सोडून, सगळे पुरुष सोडून, त्या कोपऱ्यातल्या बायकांकडे. मान वाकवून. शेजारची म्हातारी चक्क हलून नीट बसली. मीही पदर सारखा केला.

ते चित्र मी फोटोशिवाय काढलं. चौकोन नाहीत, काही नाही. डोळे मिटायचे आणि माऊस धरायचा. वेडंवाकडं झालं. इतकं वाईट चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. तरी बाईंना हाक मारली.

बाई आल्या. पाहिलं. मी तो शब्द यायची वाट पाहत होते.

बाई बाहेर गेल्या. शटर अर्धं खाली आलं. डिरेक्टऱ्या जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला आणि स्टूल माझ्या खुर्चीला येऊन टेकलं.

"हे नाक कोनाचं होय?" बाई म्हणाल्या. "तुह्या हेडमास्तरचं काय? आन् दाराले उभा हाय का दाराले टांगला हाय? खांदा पाह्य. अवं, त्याले घरातून हाकलून राह्यले आन् तू त्याच्या शर्टाले इस्त्री करून राह्यली? काय केलं हे, मास्तरीनबाई? आँ? काय केलं?"

बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. "लाईनवर राहा!" बाई खेकसल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. केस, कान, चौकट, उजेड. एक गोष्ट धड नव्हती. मी ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, डोळ्यांतून पाणीही येत होतं. एवढं सगळं माझं होतं. ऐकायला पद्मा नव्हती, एवढीच हळहळ वाटत होती.

बाई थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत हसल्या. "आता हे पद्दीले पाठव. मले दिसलं तेवढं सांगतलं. बाकीचं थे सांगन."

मंचेरियलला एव्हाना इंटरनेटची दुकानं झाली होती. मी चित्र पाठवलं. पाठवायचं नव्हतं, पण पाठवलं. आणि शाळेतून आल्या आल्या रोज तो डबा किंचाळायला लावायची. म्हटलं, ही आता काय काय काढते बघू. दोन पानं काढील, तीन काढील. काढू दे.

उत्तर आलं. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. इंग्रजी अक्षरांत, तेलुगूत, एकच शब्द होता.

बागुंदी.

ते चित्र मी अजून चढवलेलं नाही.